काशीनं ओटी खाली ठेवली नाही

माझ्या साडूच्या गाडीले काहीतरी व्हावं, असं मी देवीजवळ मागत होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून कोणी मले भला माणूस समजू नये. गाडी खड्ड्यात जावी असं नाही मागितलं, एवढा मी वाईट नाही. पण भर रस्त्यात बंद पडावी, त्यानं उतरून धक्का मारावा, त्याच्या पांढऱ्याशुभ्र पायजम्याले ऑईल लागावं आणि ते माझ्या बायकोनं पाहावं, असं रोज वाटे. निंबाखाली माळ ओढत बसलो की तोंडात देवीचं नाव आणि पोटात हे.

मी धंद्यानं सुतार. मूर्तिजापूरच्या आजूबाजूच्या पंधरा गावांत माझ्या हातच्या बैलबंड्या चालायच्या. शाळा तिसरीतच सुटली, पण चाकाचे आरे मी नुसत्या डोळ्यानं मापायचो आणि सुताभराचा फरक पडत नव्हता. मग ती वर्षं आली. कापूस पिकूनही लोकांच्या घरात काही राहीना. गावात लग्नं कमी आणि तेरव्याच जास्त होऊ लागल्या. बैलजोड्या एकेक करत बाजारात गेल्या. बैलच नाही तर बंडी कोणाले पायजे? पोरगा पुण्याहून सांगे, "बाबा, खुर्च्या-टेबलं करा ना." मी म्हटलं, मी चाक करणारा माणूस, बसायच्या वस्तू करत नाही. असा माझा ताठा. वाकस, रंधा, सगळी हत्यारं पोत्यात बांधून आढ्याले टांगले.

त्याच दिवसांत काशीले, माझ्या बायकोले, लकव्यानं गाठलं. उजवं अंग गेलं, बोली गेली. आणि त्याच दिवसांत मास्तरनं गाडी घेतली. मास्तर म्हणजे काशीच्या मोठ्या बहिणीचा नवरा, अमरावतीले शाळेत शिकवून निवृत्त झालेला. काशी त्याची साळी आणि तो तिचा भाटवा, म्हणजे थट्टेचं नातं. आमच्या लग्नात त्यानं केलेल्या थट्टा काशी चाळीस वर्षं सांगत आली. आता दर रविवारी त्याची काळ्या काचांची गाडी माझ्या अंगणात येई. दाराची खुंटी बोटानं खाली दाबायची, मूठ उचलून धरायची आणि दार अलगद लोटायचं, की चारही दारांले एकदम कुलूप. मागे वळूनही पाहत नसे. मग आत जाऊन काशीजवळ बसे. तो आला की मी उठून निंबाखाली. आतून काशीचं हसणं ऐकू ये. शब्द नव्हते तिच्याजवळ, पण हसणं तेच जुनं होतं. तिले भरवणारा मी, न्हाऊ घालणारा मी, केस विंचरून वेणी घालायलेही मी शिकलो, आणि हसणं मात्र मास्तरच्या वाट्याले. ते दोघं आत काय करतात, हे मी एकदाही डोकावून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कमीपणा आला असता.

मी देवीले नवस बोललो होतो. काशी बसती झाली तर मी स्वतः तिले उचलून तुझ्या पायऱ्या चढवीन, माय. आमची कुळदेवी रेणुकामाय. तिचं ठाणं अकोल्याच्या पुढं एका टेकडीवर, चाळीसेक पायऱ्या असतील. सहा महिन्यांनी काशी बसू लागली. मास्तर म्हणे, "चैत्रात गाडी घेऊन येतो, जाऊन येऊ." मी म्हटलं, आमी एसटीनं जाऊ. तो काशीकडं पाहून म्हणाला, "ऐकलं का साळीबाई? तुमाले एसटीच्या वरच्या फळीवर ठेवून नेतात म्हणे, सामानासंगं." काशी अशी हसली, की माझं नाही म्हणणं तिथंच संपलं.

निघताना ओटी मीच भरली. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सगळं एका फडक्यात गुंडाळून काशीच्या डाव्या हातात दिलं. तोच एक हात तिचा चालता. आमच्याकडं रीत अशी, की घरून निघालेली ओटी देवीच्या पायाशी पोचेस्तोवर कुठंच टेकवायची नाही. मी तिले दटावून सांगितलं, "जीव गेला तरी सोडाची नाही." ती मागच्या सीटवर मास्तरच्या पाठीशी बसली, मी पुढं. मी दार ओढून घेतलं तसा मास्तर ओरडला, "हळू, भाऊ! बंडीची फळी नाही ते!" ते बोलणं मी अकोल्यापर्यंत चघळत गेलो. गाडीत गार हवा होती, बारीक आवाजात देवीची भजनं लागली होती, आणि काशी मान डोलवत होती. मले त्या भजनांचाही राग आला.

टेकडीखाली पोचलो तेव्हा उन्ह डोक्यावर आलं होतं. चैत्रातलं आमच्याकडचं उन्ह, चपलेतून तळपाय भाजते. सावली म्हणून कुठं नव्हती. नारळ विकणारी एक म्हातारी तेवढी ताडपत्रीखाली बसली होती. मास्तर म्हणाला, "गाडी चालू ठेवतो, काशीबाईले गार लागू द्या. वर पुजाऱ्याले सांगून ठेवलं आहे, दांड्या लावलेली खुर्ची आहे त्यांच्याकडं. घेऊन येतो." आणि तो पायऱ्या चढू लागला. सांगून ठेवलं आहे! माझा नवस, माझी बायको, माझी देवी, आणि सांगून ठेवणारा हा. माझ्या मनात आलं, हा खुर्ची घेऊन उतरायच्या आत मीच काशीले वर घेऊन जातो.

मी उतरून माझं दार लावलं, फिरून त्याच्या बाजूचं दार उघडलं आणि चावी मागे फिरवली. गार हवा थांबली, भजन थांबलं. चावी तिथंच राहिली. मग मी खुंटी दाबली, मूठ उचलून धरली आणि दार अलगद लोटलं, जसं तो लोटे तसं. टक् झालं, चारही खुंट्या एकदम खाली. खरं सांगतो, त्या घडीले मले बरं वाटलं. पाहून पाहून मलेही जमलं, असं वाटलं. काशीच्या दाराशी जाऊन मूठ ओढली, तेव्हा समजलं मी काय केलं ते.

पहिल्यांदा मी हसलो. म्हटलं, "काशे, ती खुंटी वर कर." काळ्या काचेले कपाळ टेकवलं तेव्हा ती आत दिसली, माझ्याकडं पाहत. चालत्या हातात ओटी, आणि खुंटीजवळ होता तो मेलेला उजवा हात. मी म्हटलं, "ओटी ठेव बाजूले, डाव्या हातानं उचल." तिनं मान हलवली. नाही. मी काचेवर थाप मारली. "ठेव म्हणतो ना!" तिनं ओटी छातीशी आवळली. सकाळी मीच जीव गेला तरी म्हणालो होतो. ती माझा शब्द पाळत होती, आणि मीच आता तो मोड म्हणून ओरडून राहिलो होतो.

तिच्या कपाळावर घाम उभा राहिला. ओठ पांढरे दिसू लागले. डॉक्टरनं सांगितलं होतं, हिले उन्ह नाही, दचकणं नाही. मी पायऱ्यांकडं तोंड करून हाका मारल्या. नारळवाली उठून आली. "काय बाप्पा बुडेबाबा! आधी बायको उतरवाची का आधी कुलूप लावाचं?" मास्तर वरून धावत आला, येता येता हातातली खुर्ची त्यानं पायऱ्यांवरच टाकली. मी विचारलं, "दुसरी चावी?"

"अमरावतीले. कपाटात."

आणि श्वासही न घेता म्हणाला, "काच फोडा, भाऊ. पुढची फोडा, तिच्या अंगावर नको." त्यानंच रस्त्याकडचा दगड उचलून माझ्या हातात दिला. गाडीचं वाईट व्हावं म्हणून सहा महिने मागत होतो, आणि आता मालकच दगड देऊन राहिला होता. मी मारला. काचेवर काळा कागद चिकटवलेला होता. दगड सटकला, नुसता पांढरा चट्टा पडला. पण आवाज असा झाला की आत काशी दचकून आखडली. मी दुसऱ्यांदा हात उचलला आणि ती माझ्याकडं पाहत आहे हे मले दिसलं. तिले काचेचं भय नव्हतं, माझं होतं. तिले वाटलं, ओटी सोडली नाही म्हणून मी तिलेच मारून राहिलो. मान एका बाजूले कलली, छाती भात्यासारखी चालू लागली. आणखी दोन घावांत काच फुटली असती, हे आज कळते. पण त्या दोन घावांत काशी राहिली असती का, हे मले आजही सांगता येत नाही.

माझा हात खाली आला. दगड पडला. चाळीस वर्षांत मी जे बोललो नव्हतो ते बोललो. "मास्तर, तुमी सांगा तिले. माझं नाही ऐकत ती. मले भेते."

मास्तरनं काचेले गाल लावला. घाई नाही, ओरडणं नाही, जसा माझ्याच घरात खाटेजवळ बसला आहे. "ओ साळीबाई. आज भाटव्याले पान नाही देत का? इतक्या लांब आणलं तुमाले, सुपारीही नाही विचारली." काशीचे डोळे हळूच उघडले. "ओटी राहू द्या हातात. ती देवीची आहे, आपल्याले नाही लागत. या हातानं द्या, आपल्या आळशी हातानं. ते पाहा दारावर, सुपारी ठेवली आहे कोणी. दोन बोटांत धरा. उचला बरं."

मी फिरून गाडीच्या दुसऱ्या बाजूच्या काचेशी गेलो होतो. गुडघे कधी टेकले ते समजलं नाही, डांबरानं दोन्ही भाजले ते घरी गेल्यावर पाहिलं. त्या वेळेले मी काही मागितलं नाही. नवस बोललो नाही. देईन-घेईन म्हटलं नाही. फक्त म्हटलं, माय, माझ्या हातून होत नाही. आणि लपवत नाही, तेव्हाही मनात एक काटा होताच, की असं गोड मी कधी बोललो नाही हिच्याशी.

तिचा उजवा हात मांडीवरून सरकला. सहा महिने ज्या हाताले मी धुऊन पुसून उचलून ठेवत आलो, तो आपणहून सरकला. खुंटीपर्यंत गेला, घसरला. मास्तर म्हणे, "पडली सुपारी! पडू द्या, दुसरी घ्या." पुन्हा गेला, पुन्हा घसरला. ओठाच्या एका कोपऱ्यानं ती हसली बहुतेक. तिसऱ्यांदा अंगठा आणि बोट खुंटीवर बसले, आणि टक् झालं.

नारळवालीनं कांदा फोडून तिच्या नाकाशी धरला, डोक्यावर ओलं फडकं टाकलं, घोट घोट पाणी पाजलं. "जगली तुमची, बाबा," म्हणे, "आता लढा नका." मास्तर तिथंच दगडावर बसला आणि हातात तोंड लपवून रडला. मग सांगितलं, की दर रविवारी त्यांचा हाच खेळ चाले. त्याच्या पानाच्या चंचीतली सुपारी काशीनं आळशी हातानं उचलून द्यायची. "एकदाही उचलली नव्हती, भाऊ. बोटं नुसती हालायची. आज पयल्यांदा." मी म्हटलं, चावी मी फिरवली, कुलूप मी लावलं. तुमच्या आधी वर न्यायची होती मले. तो डोळे पुसत म्हणाला, "चालते. पण दार मात्र हळू लावलं तुमी. येवढ्या दिवसांत एकदाच." काशी हसली. आणि मले, काय सांगू, मलेही हसू आलं.

खुर्चीचा पाय पायऱ्यांवर आपटून निखळला होता. दुरुस्त करायले माझ्याजवळ हत्यार नव्हतं. एकट्यानं उचलायची ताकद अंगात उरली नव्हती. मग आमी दोघांनी एकमेकांची मनगटं धरून हातांची बैठक केली. या माणसाच्या हाताले मी आयुष्यात नमस्काराशिवाय हात लावला नव्हता. काशी मधात बसली. एक हात त्याच्या खांद्यावर पडलेला, दुसऱ्यात ओटी. पायरी पायरीनं चढलो, दर दहा पायऱ्यांवर थांबलो. तो दमला की मी थांबे, मी दमलो की तो. मी स्वतः उचलीन असा नवस होता, तो तसा पुरा झाला नाही. देवीनं तो असा करून घेतला. गाभाऱ्यात काशीनं ओटी देवीच्या पायाशी ठेवली, तेव्हा कुठं तिची मूठ सुटली. फडक्याचे वळ तळहातावर उमटले होते.

डॉक्टर म्हणाले, सवयीनं आणि निकडीनं हात चालला असेल. असेलही. मास्तरच्या सहा महिन्यांच्या रविवारांनी तो चालला, हे मले मान्य आहे. पण ते सहा महिने माझ्या घरात त्याले कोणी पाठवलं, आणि मी तोंड वाकडं करत असतानाही तो दर आठवड्याले काहून येत राहिला, हे मी देवीशिवाय कोणाले विचारू? मी दार आतून लावून बसलो होतो आणि ती ज्या माणसाच्या हातून आत येऊ पाहत होती, त्याच्याच वाईटाची तिच्याजवळ मागणी करत होतो.

आता रविवारी मी निंबाखाली बसत नाही. आतच बसतो. काशी सुपारी उचलते, कधी त्याले देते, कधी मले. त्याच्या थट्टेले ती अजूनही जास्त हसते आणि माझ्या पोटात अजूनही थोडं जळते. या वयात माणूस सगळाच बदलत नाही. पण ते जळू लागलं की मी आता लपवत नाही, माळ हातात घेतो आणि म्हणतो, माय, एवढं राहिलं आहे, माझ्यानं जात नाही. तूच ने.