दुसऱ्या ओळीतली बाई

विश्वंभर हा फोटोवाला नांदेडहून आला, त्या दिवसापासून केशरबाईंना त्याचं लक्षण काही बरं दिसलं नाही. २००३ सालचा उन्हाळा होता. कळमनुरीच्या रस्त्यावरचं निजामाच्या काळातलं वेड्यांचं इस्पितळ बारा वर्षांपासून बंद पडलेलं, आणि आता ते पाडणार होते. पाडायच्याच भिंतींचे फोटो कशाला? मोडीत काढायच्या खाटेचा कुणी फोटो काढून ठेवतं का?

"कुठंतरी पाणी मुरून राहिलं," त्यांनी सुनेला, सपनाला, सांगितलं. सपना नुसती हसली. सासूबाईंचा संशयी स्वभाव गल्लीला ठाऊक होता. कुणी सहज वय विचारलं तरी यांच्या कपाळाला आठी. पण त्या इस्पितळात तेहतीस वर्षं आया म्हणून राबल्या होत्या, सगळ्या किल्ल्या अजून त्यांच्याच कमरेला होत्या, म्हणून लोक त्यांना मानत.

एक गोष्ट मात्र लोकांना ठाऊक नव्हती. केशरबाई तिथं आल्या त्या आया म्हणून नव्हे. पहिलं लेकरू गेल्यावर त्यांची वाचाच बसली, तेव्हा एकोणिसाव्या वर्षी पहिल्या नवऱ्यानं त्यांना वाशीमकडून तिथं आणून टाकलं. दोन वर्षांत त्या बऱ्या झाल्या. न्यायला कुणी आलं नाही. मग मोठ्या डॉक्टरांनी कामाला ठेवलं, तिथल्याच आचाऱ्यानं लग्न केलं, आणि तो गेला तो हे गुपित पोटात घेऊनच. आता नात आकांक्षाची सोयरीक शिरड शहापूरला जमत आली होती. आजी वेडी होती एवढं कानावर गेलं असतं, तर ते पाहुणे पुन्हा दारात आले नसते.

आणि पुरावा कचेरीच्या भिंतीवर टांगलेला होता. १९५७ सालचा फोटो, उवांपायी डोकी भादरलेल्या चौदा बाया. दुसऱ्या ओळीतली तिसरी केशरबाई. काडेपेटी घेऊन त्या तीनदा तिथं गेल्या होत्या. हात धजला नाही. बाकीच्या तेरा जणी दुसरीकडं कुठंच उरल्या नव्हत्या.

विश्वंभर खोलीखोलीतून फिरला आणि केशरबाई त्याच्या मागं मागं.

"मावशी, तुम्ही इथं कधीपासून?"

"काहून? तुमाला काय करायचं?"

त्यानं कचेरीतला फोटो खाली उतरवला, रुमालानं काच पुसली आणि कॅमेरा लावून त्याचाही फोटो काढला. केशरबाईंना वाटलं, मेल्याला सगळं माहीत असणार. कुणी धाडलं असेल याला? पाहुण्यांनीच तर नसेल?

"पुण्यात प्रदर्शन लावतोय," तो म्हणाला. "यांची नावं कळली तर खाली लिहीन. नाहीतर नुसतं 'रुग्ण' लिहावं लागेल."

गप्प बसायचं त्यांनी ठरवलं होतं. पण तो शब्द त्यांना झोंबला.

"रुग्ण काहून? ही मंजुळा, गोरेगावची. अंधाराला लई भ्यायची. ही सुंदरा. हिच्या हातच्या भाकरी डॉक्टर मागून खायचे. ही गयाबाई, रोज दोन डाव न्हायची."

एकेकीवर बोट ठेवत त्या सांगत गेल्या, तो वहीत लिहीत गेला. पहिली ओळ संपली, मग तिसरी. दुसऱ्या ओळीतल्या सगळ्या झाल्या, एक तेवढी राहिली. त्यानं फोटोकडं बघितलं, मग केशरबाईंकडं, मग परत फोटोकडं.

"आणि ही?"

केशरबाईंनी काचेवरचं बोट काढून घेतलं.

"ही बरी झाली," त्या म्हणाल्या.

"मग?"

"मग भाऊ आला न्यायला. बैलगाडी घेऊन आला. गाडीत गोधडी टाकून आणली व्हती त्यानं, बहिणीला तकलीफ नको म्हणून."

विश्वंभरनं पेन वहीवर टेकवलं. "नाव काय हिचं?"

"तिचं काहून लिवता?" केशरबाई म्हणाल्या. "ती तर गेली न घरी."