डावखुरीचा वार

तुमचं सगळं बरोबर असताना तुम्ही कधी हरला आहात का? मी हरले आहे, आठवड्यातून तीन सकाळी, विद्यापीठामागच्या माळावर. आणि दर वेळी, हरले नाही असंच म्हणत राहिले.

दोन्ही हातांनी चालवायची युरोपातली जुनी लांब तलवार मी मोबाइलवर शिकले. तिकडच्या जुन्या तलवारबाजांच्या पोथ्या, चित्रांसकट आणि भाषांतरांसकट, नेटवर पडलेल्या आहेत. आमच्या शहरात हे शिकवणारं कुणी सापडलं नाही, पण त्याचं मला काही वाटलं नाही. छापलेल्या शब्दावर विश्वास ठेवायची सवय घरचीच होती. आई-वडील चळवळीतले, मी अक्षरं ओळखायला शिकले ती पत्रकांवर. पत्रकाची एक सोय असते. ज्याच्याविरुद्ध ते लिहिलेलं असतं, तो समोर नसतो.

मग ती समोर आली. वैजापूरची, शेंद्र्याला कंपनीत कामाला, माझ्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहणारी. नायलॉनच्या दोन तलवारी मी मागवून ठेवल्या होत्या, दुसरी कुणासाठी ते ठाऊक नसताना. तिनं ती उचलली आणि मुठीवर डावा हात वर, उजवा खाली धरला. पोथीतल्या चित्रांत उजवा हात वर असतो. मी तिची पकड बदलायला लावली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा डावखुरीच.

आणि तिचा वार बसायचा. मी उजव्या खांद्यावरून तलवार खाली आणायला लागले की तिचं पातं माझ्या उजव्या मनगटावर आधीच येऊन थांबलेलं असायचं.

"लागलं का?"

"लागलं. पण हा वार धरायचा नाही. तुझा पाय मागं राहिला."

"पाय मागं होता, तलवार तर पुढं होती ना! मास्तरीणबाई, खरी असती तर पुस्तक कोणत्या हातानं धरलं असतं?"

ती हसायची. मी पुन्हा पहिल्या पवित्र्यात उभी राहायचे, पुन्हा तोच वार काढायचे. दोन महिने तिचा एकही वार मी मान्य केला नाही.

शेवटच्या दिवशी मनगट सुजलं. मी म्हटलं, "मोजायचा नाही." तिनं तोंडावरची जाळी काढली. त्या दिवशी हसली नाही.

"तू लई बरोबर हायेस गं. ऱ्हा मग एकटीच बरोबर."

तलवार माझ्या पिशवीवर ठेवून ती स्कूटीवरून गेली. पुढच्या आठवड्यात खोलीही सोडली. कंपनीजवळ, करमाडला मैत्रिणींसोबत राहते, असं घरमालकीण म्हणाली.

मी मात्र दोन्ही तलवारी माळावर नेत राहिले. दुसरी बाभळीला टेकवून ठेवायचे. फिरायला येणारे काका तिला हिरो म्हणायचे, ते विचारायचे, "काय मॅडम, हिरो नाय आला व्हय आज?" मी मोबाइल दगडाला टेकवून स्वतःचं चित्रीकरण करायला लागले, तिची चूक सिद्ध करायला. दिसली माझी. दर वेळी पहिला वार तोच, तोही सरळ पुढं जाऊन. पातं हलायच्या आधी कोपर बाहेर यायचं आणि मनगट उघडं पडायचं. लहान मुलानंही मारलं असतं. पोथीत डावखुऱ्यांबद्दल एक परिच्छेदही होता. मी तो ओलांडून गेले होते. माझ्या कामाचा वाटला नव्हता.

आता मी पाऊल तिरकं, उजवीकडे टाकते. हातांच्या आधी पातं पुढं जातं. कधी डाव्या खांद्यावरून सुरुवात करते, कधी नुसती हूल देऊन थांबते. चित्रीकरणात छान दिसतं. पण समोर बाभूळ असताना सगळंच छान दिसतं. तिच्या वारापुढं हे टिकेल का, ते मला एकटीला कधीच कळणार नाही.

तिला निरोप लिहायला बसले तर प्रत्येकात एक 'पण' यायचा. त्याच्याशिवाय लिहिता आलं तोवर तिचा नंबर बंद झाला होता. करमाडला दोनदा जाऊन आले. पत्ता लागला नाही.

तुम्ही शेंद्र्याला कामाला असाल, तर तुमच्या शिफ्टमध्ये वैजापूरची कुणी डावखुरी आहे का, पहा. मास्तरांची थट्टा करणारी असेल तर तीच. तिला सांगा, सगळेच्या सगळे वार बसले होते. मी सकाळी सहाला माळावर असते. एवढा निरोप तिला द्या.