सरायीत चार अनोळखी वाटसरू

मंडळी, दुपारपासून चैन नाही.

आज आमच्या फाशांच्या खेळाची नवी मोहीम सुरू केली. गोष्ट मी सांगते, बाकीचे एकेक पात्र होऊन खेळतात. सुरुवात साधीच ठेवली होती: जंगलाच्या तोंडावर सराय, बाहेर वादळ, आत चार अनोळखी वाटसरू.

पण आमच्या कळमनुरीत कोण अनोळखी राहतं? योद्धा झालेल्या माझ्या भावानं मांत्रिकीण झालेल्या पोरीला विचारलं, "पाव्हणीबाई, गाव कोणतं?" दोन मिनिटांत ती त्याच्या मावशीच्या गावची निघाली! आमची हसून हसून पुरेवाट.

मग भाऊ सुनीलकडं वळला. सुनील बदली होऊन आलेला, आज पहिल्यांदाच खेळत होता, यक्ष होऊन. "तुमचं गाव? आडनाव काय म्हणलं?"

सुनीलनं फासे खाली ठेवले. "दोन महिने झाले, खोली शोधून राहिलो. आधी हेच विचारतात, मग म्हणतात खोली दुसऱ्याला दिली. इथं तरी मी यक्ष आहे ना?"

खेळ तिथंच थांबला.

आमची माडीवरची खोली रिकामी आहे. ती सुनीलला देऊ, असं मघाशी बाबांना सांगितलं, तर त्यांनी पहिलं विचारलं, "कोणत्या गावचं पोरगं?"

सांगा, सुरुवात कुठून करू?