नाल्याकाठची नागफणी

गेल्या मे महिन्यात आमच्या शेतालगतच्या नाल्याचं खोलीकरण ठरलं. शेत जऊळका या आमच्या गावापासून पायी अर्ध्या तासावर आहे. नाला रुंद करताना आमच्या बाजूचा बांध कापला जाणार होता. काम सोमवारी सुरू व्हायचं होतं. शनिवारी सकाळी काकूंचा मला वाशीमला फोन आला. काकू म्हणजे माझ्या दिवंगत धाकट्या चुलत्यांची पत्नी.

"बाबू, त्या बांधात माही पोरगी हाय," त्या म्हणाल्या. "तिच्यावरून मशीन जाऊ देऊ नको."

काकूंची पहिली मुलगी नवव्या दिवशी गेली. मी तेव्हा शाळेत होतो. त्या दिवशी मला शेजारच्या घरी बसवून ठेवलं होतं, एवढंच मला आठवतं. बारसं व्हायचं होतं, म्हणून तिला नाव नव्हतं. इतक्या लहान मुलाला आमच्याकडे जाळत नाहीत, पुरतात, आणि बायका तिथे जात नाहीत. माझे वडील आणि काका गेले आणि परत आले. जागा काकूंना कोणी दाखवली नाही. कोल्ह्यानं उकरू नये म्हणून वर काटेरी झाड लावलं आहे, एवढं काकांनी एकदा सांगितलं होतं. त्यानंतर हा विषय घरात निघाला नाही.

मला बोलावण्याचं कारण साधं होतं. वर्तमानपत्रातली नोकरी संपल्यावर मी घराच्या गच्चीवर निवडुंगाच्या कुंड्या जमवल्या. प्रत्येक कुंडीत नावाची पट्टी आहे. गावाकडचे मला काट्यांचा डॉक्टर म्हणतात.

रविवारी सकाळी आम्ही तिघे बांधावर गेलो. वडील चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांना मोटरसायकलवर बसवून आणलं. काकू चालत आल्या आणि डोक्यावर पदर ओढून दहा-बारा पावलं लांब उभ्या राहिल्या. वडील त्यांचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. भासऱ्याशी त्या थेट बोलत नाहीत. एका घरात इतकी वर्षं राहून त्यांनी एकमेकांशी समोरासमोर एक वाक्य बोललेलं मी ऐकलेलं नाही.

बांधावर शंभरेक पावलं, कुंपणाला लावतात त्या काटेरी थोराची रांग होती. मध्येच, नाल्याच्या उतारावर, नागफणीचं एक पसरट झुडूप होतं. वडिलांनी काठी उचलली आणि वरच्या कोपऱ्यातल्या सर्वांत जाड थोराकडे केली.

"तो पाह्य. त्याच्या बुडाशी."

"नक्की?"

"खड्डा म्या खंदला ना! मलेच इचारून राह्यला?"

"तेव्हा खूण काय होती?"

"बाभूळ होती एक. ते कवाच तोडली. मंग थोरच हाय ना खूण."

"थोर लावताना तुम्ही पाहिलं होतं?"

त्यांनी काठी खाली टेकवली. "नाही. त्या दिशी दगडं ठेवले. झाड तुह्या काकानं दुसऱ्या दिशी लावलं, एकट्यानं. पण पाह्याचं काय त्याच्यात? बांधावर थोरच लावतेत."

म्हणजे त्यांना जागा आठवत नव्हती. बांधावर थोर लावतात हे माहीत होतं, आणि त्यावरून त्यांनी जागा ठरवली होती. बातमीत अशी चूक रोज होते. पाहिलेलं आणि गृहीत धरलेलं एकाच वाक्यात येतं.

मी काकूंकडे गेलो. झाडाबद्दल आणखी काही माहीत आहे का, असं विचारलं.

"मले काय माईत? कोनी नेलं काय मले तिथं?" त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "झाड लावून आले तवा त्यायच्या हातात काटे गेले होते."

"कसे काटे?"

"दिसतच नव्हते ना. दोन्ही तळहात लाल झाले होते. सुईनं काढू म्हटलं तं सुईले काई लागेना. हात फिरवला का माह्याच बोटात घुसत. बारीक, केसावानी. मंग कनकेचा गोळा केला, तळहातावर दाबला अन् ओढला. तीनदा केलं तसं."

"तुम्ही हे कोणाला सांगितलं होतं?"

"कोनी इचारलं काय?"

मी थोराजवळ गेलो. थोराच्या धारेवर ठरावीक अंतरानं उंचवटे असतात आणि प्रत्येकावर दोन आखूड, जाड काटे. नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात. असा काटा रुतला तर नखांनी निघतो. फांदी मोडली तर पांढरा चीक येतो. दिसायला निवडुंगासारखा असला तरी थोर त्या कुळातला नाही. खऱ्या निवडुंगाचे काटे एका लहान गादीसारख्या ठिपक्यातून झुबक्यानं निघतात.

नंतर उतारावर गेलो. नागफणीच्या पानासारख्या जाड फडीवर ते ठिपके होते. प्रत्येकातून दोन-तीन लांब पिवळट काटे आले होते आणि त्यांच्या बुडाशी बारीक कुसांचा झुबका होता. खिशातल्या भिंगाखाली त्या कुसांना उलटे दात दिसले. शिरतात सहज, निघत नाहीत. साऱ्या बांधावर असे काटे असलेलं हे एकच झुडूप होतं.

वडिलांना मी काकूंचं बोलणं सांगितलं.

"कनकेचं मले माईत नव्हतं," ते म्हणाले. नंतर स्वतःच म्हणाले, "थोर वर वाढते. बुड उघडं राह्यते. नागफणी जमिनीवर पसरते, खाली कोल्ह्याचं तोंड जात नाही. त्यानं इचार केला असंन." जऊळका स्टेशनाजवळ रुळाच्या कडेला तेव्हा नागफणी पुष्कळ होती, हेही त्यांना आठवलं.

हेच ते झाड, असं मी काकूंना सांगितलं. आता दुसरी गोष्ट सांगायची होती. नागफणीची फडी गळून पडली की तिथेच मूळ धरते. चाळीस-बेचाळीस वर्षांत झुडूप उतारानं खाली सरकलेलं असू शकतं. काट्यांवरून झाड कोणतं ते सांगता येत होतं. त्याच्याखालची नेमकी जागा सांगता येत नव्हती.

"खात्री हाय ना तुले?" त्यांनी विचारलं.

"झाडाची आहे. जागेची नाही."

त्यांनी झुडपाकडे पाहिलं. "म्हंजे याच्याखाली नसंन बी?"

"एखाद्या वेळी वरच्या बाजूला असेल. जुनं खोड वर आहे."

"बरं," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या. त्या दिवशी त्या बराच वेळ तिथून उठल्या नाहीत.

सोमवारी जेसीबी आला. चालवणारा तिशीतला, मोठ्या आवाजात बोलणारा गृहस्थ होता. मी झुडूप सोडायला सांगितलं तेव्हा तो हसला.

"काय साहेब! लोक नागफणी काढाले बलावतेत, तुमी राखाले. काट्यासाठी नाला वाकडा करू काय?"

काकू पुढे आल्या. "काट्यासाठी नाही रे. खाली माही पोरगी हाय. नऊ दिसाची."

त्यानं मशीन बंद केलं आणि खाली उतरला. मग त्यानं विचारलं, "किती जागा सोडू, माय?"

काकूंनी दोन्ही हात पुढे केले. तळहातांमध्ये दोन वितींचं अंतर होतं. त्या तशाच उभ्या राहिल्या आणि आपल्याच हातांकडे पाहत राहिल्या. मग हात खाली घेतले आणि झुडपाच्या वरच्या बाजूला, जुन्या खोडाच्याही पलीकडे चालत गेल्या. तिथून त्यांनी सावकाश एक फेरी मारली. तो त्यांच्या मागून चुन्याची फक्की टाकत गेला. फेरी पूर्ण व्हायला पंधरा पावलं लागली.

"इतकी," त्या म्हणाल्या.

बांध तेवढा राहिला आहे. नाला तिथे हातभर वळसा घेतो.