इंजिन बंद न करता मढपर्यंत

शनिवारी सकाळी साडेआठला आम्ही मढला जायला निघालो, आणि नऊ वाजता चारकोपला आमच्या बिल्डिंगखालीच होतो.

गाडीत सगळ्यात आधी गाऊन बसला. पांढरा साटीनचा, खाली एवढा घेर की मागची अख्खी सीट त्यालाच लागली. रिक्षात कोंबला असता तर त्याचा बोळा झाला असता. फिलोमिना पूर्वी आमच्याच मजल्यावर राहायची. तिची लेक रोझलिन लहान असताना माझ्या शिलाई मशीनखाली बसून चिंध्या गोळा करायची. आता रोझलिनचं मढच्या चर्चमध्ये अकरा वाजता लग्न होतं आणि तिने गाऊन माझ्याकडूनच शिवून घेतला होता. मण्यांची शेवटची ओळ मी त्या दिवशी पहाटे टाचली. दहा-सव्वादहापर्यंत गाऊन पोचला नाही तर नवरी घालणार काय?

ह्यांनी ऐटीत किल्ली फिरवली. गाडीने टक् केलं. पुन्हा फिरवली. पुन्हा टक्. तिसऱ्यांदा तेवढंही नाही.

ही गाडी ह्यांनी रिटायर झाल्यावर सेकंडहँड घेतली, पण आमच्या बिल्डिंगमध्ये गाडी चालवायची पद्धत नाही. कंपाउंडमध्ये सात गाड्यांची जागा आणि गाड्या अकरा. ज्याने गाडी हलवली त्याची जागा गेली. त्यामुळे सातही गाड्या कव्हर घालून मुंजासारख्या उभ्या असतात आणि त्यांचे मालक कामाला बसने जातात. हे दर रविवारी खाली जाऊन गाडी पुसायचे, आत बसायचे आणि तासभर रेडिओवर जुनी गाणी ऐकायचे. पेट्रोल कशाला जाळा, म्हणून इंजिन बंद.

इंडस्ट्रियल इस्टेटमधला बॅटरीवाला नंदू स्कूटरवर आला. बॉनेट उघडून त्याने सगळं ऐकून घेतलं.

"काका, तुम्ही गाडी घेतली की रेडिओ?"

"अरे, पण चालवलीच नाही तर बॅटरी संपेल कशी?"

"चालवली नाही म्हणूनच संपली ना! गाडी चालली की बॅटरी भरते. तुम्ही नुसते बसून पीत राहिलात." त्याने स्वतःची बॅटरी खाली ठेवली, लाल-काळ्या वायरींचे चिमटे दोन्हीकडे लावले. "मारा सेल."

गाडी खोकली आणि चालू झाली. कव्हरखाली संसार थाटलेली मांजर आमच्याकडे रागाने बघत निघून गेली.

"आता ऐका," नंदू म्हणाला. "ही बॅटरी बसलीय. मेली म्हणा. नवी सोमवारी देतो. आज इंजिन बंद करायचं नाही. बंद झालं की धक्का."

"दिवसभर?"

"घरी येईपर्यंत. आणि काका, रेडिओ नको."

अशी आमची यात्रा निघाली. मागे गाऊन, पुढे आम्ही दोघं, आणि ह्यांची नजर रस्त्यापेक्षा पेट्रोलच्या काट्यावर जास्त. काटा लाल रेघेच्याही खाली होता. मार्वे रोडच्या एका पंपावर गाडी लावली. पंपावरचा माणूस आला.

"इंजिन बंद करा."

"बंद केलं तर परत चालू होणार नाही हो."

"चालू ठेवून पेट्रोल मिळणार नाही."

"नवरीचा गाऊन आहे मागे!"

त्याने वाकून मागे पाहिलं. "छान आहे. इंजिन बंद करा."

बंद केलं. पेट्रोल भरलं. सेल मारला तर गाडी मुकी. धक्का मारायला हे उतरले असते तर स्टिअरिंगवर कोण? मला गाडी येत नाही. म्हणजे माणसं मीच बोलवायची. बाजूला गॅसच्या रांगेत रिक्षावाले उभे होते. मी उतरले, त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, "भाऊ, जरा धक्का..." माझं मलाच ऐकू आलं नाही. पुन्हा म्हणाले. एकाने मान वर केली आणि परत मोबाईलमध्ये घातली. मला अनोळखी माणसांशी बोलायला जमतच नाही. दुकानात नुसतं बोट दाखवून मी वीस वर्षं काढली आहेत. पण साडेनऊ वाजले होते. डोळे मिटले आणि ओरडले, "अहो भाऊ, धक्का मारा ना!"

पंप एकदम शांत झाला. पंपावरचा तो माणूससुद्धा वळला.

"मावशी, मारतो ना, ओरडता कशाला!" एक रिक्षावाला हसत उठला. त्याच्यामागून आणखी तिघं आले. चौघांनी खांदा लावला, मीही लावला, ह्यांनी दुसरा गिअर टाकला आणि गाडी दणका देऊन चालू झाली. मी मागे धावत सुटले. हे थांबायलाच घाबरत होते, म्हणून मी चालत्या गाडीत चढले. मागून रिक्षावाल्यांनी शिट्ट्या मारल्या.

मालवणीच्या बाजारात गर्दीतून मुंगीच्या पावलांनी गेलो. हे सारखे ॲक्सिलरेटर दाबत होते, आणि पुढे चालणारी माणसं आपल्याला घाई केली जातेय असं समजून शिव्या देत होती. मार्वेला खाडी दिसली. आकसा सोडल्यावर रस्ता एकदम गावाचा झाला. नारळी, बंगल्यांची बंद फाटकं, एका बंगल्याबाहेर शूटिंगच्या गाड्या आणि मोठाले दिवे. भर उन्हात दिवे लावले होते. "बघ, त्यांची बॅटरी कशी संपत नाही," हे म्हणाले. पुढे वलांडीवर (मासे वाळत घालायची बांबूंची मांडणी) बोंबील तोंडात तोंड अडकवून लोंबकळत होते. वास आत आला तशी मी घाईने काच वर केली. लग्नाच्या गाऊनला बोंबलाचा वास लागला असता, तर फिलोमिनाने मला खाडीत ढकललं असतं.

मढला पोचलो तेव्हा दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. फिलोमिनाच्या घरापर्यंत गाडी जात नाही, गल्ली अरुंद. तोंडाशीच थांबलो. गल्लीत मांडव, बायकांची धावपळ, सगळ्यांचे नवे कपडे.

"जा, देऊन ये," हे म्हणाले.

"तुम्हीच जा ना. मी बसते गाडीत. कुणीतरी बसायला हवंच."

"तू शिवलास आणि मी देऊ?"

"जा हो, उशीर होतोय."

ह्यांनी गिअर काढला, हँडब्रेक ओढला. "किल्लीला हात लावायचा नाही. कशालाच लावू नकोस." गाऊन दोन्ही हातांवर आडवा घेऊन हे तान्ह्या मुलासारखा सांभाळत गल्लीत शिरले. आतून बायकांचा ओरडा ऐकू आला, "आला! गाऊन आला!"

खरं सांगायचं तर गाडीतच बसावं लागलं याचं मला बरंच वाटलं होतं. तीस वर्षं मी कपडे शिवते. गिऱ्हाईक पिशवी घेऊन जातं, की माझं काम संपतं. लग्नांची आमंत्रणं येतात, पण चार लोकांत जायचं नको वाटतं आणि मी काहीतरी निमित्त काढते. या खेपेला निमित्त स्वतःच चालू होऊन घरघरत होतं.

हे काही परत आले नाहीत. एक कोळीण टोपली घेऊन जाताना काचेशी वाकली.

"बाय, गारी का चालू ठेवलीस? धूर होते ना."

"बंद केली तर चालू होत नाही."

"मंग काय जलमभर आतच बसशील?" ती म्हणाली आणि हसत निघून गेली.

थोड्या वेळाने बँड वाजला. गल्लीतून वरात निघाली आणि माझ्यापासून पन्नास पावलांवरून चर्चकडे वळली. नवरीवर धरायची झालरीची मोठी छत्री कुणाच्या हातात असावी? ह्यांच्या! उंच माणूस सापडला म्हणून त्यांना पकडलं होतं. सगळ्या डोक्यांवरून मला छत्री दिसत होती, ह्यांचं टक्कल दिसत होतं, ट्रम्पेट दिसत होतं. छत्रीखालचं माझं काम काही दिसत नव्हतं. मी सीटवर गुडघे टेकून उंच झाले. तरी नाही. वरात पुढे चालली होती. चर्चचा दरवाजा आता जवळच होता.

मी किल्लीकडे पाहिलं. मग ती फिरवली.

एवढी शांतता झाली की मला वाटलं सगळं मढ माझ्याकडे वळून बघेल. कुणी बघितलं नाही. किल्ली काढून घेतली, दार लावलं आणि पदर खोचून धावले. बँडवाल्यांच्या बाजूने, पाहुण्यांच्या कोपरांमधून वाट काढत पायऱ्यांपाशी पोचले आणि समोर रोझलिन.

कपडा हँगरवर मेलेला असतो. ती एकेक पायरी चढत होती, तसा घेर मागे पसरत होता आणि पुन्हा गोळा होत होता. कमरेवर मी दोनदा उसवून घेतलेली चुणी नेमकी बसली होती. डावीकडे एक मणी सुटून लोंबत होता, तो मला सोडून जगात कुणालाच दिसला नसता.

"मावशी!" रोझलिनने मला पाहिलं. "बघ ना!" आणि चर्चच्या दारात, बापाचा हात सोडून, तिने स्वतःभोवती गिरकी घेतली.

मी चार लोकांत नव्हे, चारशे लोकांत उभी होते आणि रडत होते.

जेवणं झाल्यावर गाडीला धक्का मारायला कोटवाले वऱ्हाडी आले, ट्रम्पेटवालासुद्धा आला. तिसऱ्या धक्क्याला गाडी चालू झाली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आकसा आल्यावर हे म्हणाले, "किल्लीला चुकून हात लागला वाटतं."

"लागला नाही. मी फिरवली."

"हं." ह्यांनी गिअर बदलला. "बरं केलंस. मी सारखा वर छत्रीकडे बघत होतो, कुणाच्या डोळ्यात काडी जायला नको म्हणून. मला काहीच दिसलं नाही. कसा दिसत होता?"

मी सांगायला लागले. पायऱ्या, घेर, चुणी, गिरकी. मार्वे गेलं, मालवणी गेली, तो पंप गेला. एवढं मी सलग कधी बोलले असेन असं आठवत नाही. बिल्डिंगचं फाटक आलं, तेव्हा मी जेमतेम गळ्याच्या लेसपर्यंत पोचले होते.

हे फाटकात वळलेच नाहीत. सरळ पुढे गेले आणि सेक्टरला आणखी एक फेरी घातली.

"बोल तू," म्हणाले. "बॅटरी भरतेय."