सरांचा शिक्का आणि माझा गुळाचा लेख

माने सर गेल्याचं मला कॉलेजच्या प्रयोगशाळेत कळलं. मी ब्युरेटमधून थेंब थेंब द्रावण सोडत होते, रंग बदलायचाच बाकी होता, तेवढ्यात अ‍ॅप्रनच्या खिशातला फोन थरथरला. सरांच्या बायकोचा, काकूंचा होता. "सर गेलं गं. झोपेतच..." आणि पुढं, "तुझा लेख टेबलावरच हाय." मी ब्युरेट बंद करायची विसरले. खालचं सगळं पाणी गर्द गुलाबी झालं. सर असते तर म्हणाले असते, "बिघडलं ते बिघडलं. किती जास्त पडलं, लिहून ठेवलंस काय?"

याला आता सात आठवडे झाले. मी कागलजवळच्या गावची, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली, त्यामुळं गेलेल्या माणसावर लेख कसा लिहितात हे विचारायला घरात कोणी नाही. आठवतं तसं लिहिते.

सरांची निम्मी हयात शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या प्रयोगशाळेत लोखंड तपासण्यात गेली. निवृत्तीनंतर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत 'पडताळा' नावाचं विज्ञान मासिक काढलं. संपादक तेच, मुद्रितं तपासणारे तेच, पाकिटांवर पत्ते चिकटवणारेही तेच. सुरुवातीच्या एका अंकात त्यांनी एरंडेल तेलानं चामड्याच्या चपलेचं आयुष्य वाढतं असा एका प्राध्यापकांचा लेख छापला. आठवड्याभरात एक गृहस्थ चप्पल हातात घेऊन दारात उभे. "पावणं, संपादक तुमीच काय? आवाजासाठी तर घेतलती की ही चप्पल! कसली करकर वाजायची! तुमचं वाचून तेल पाजलं, आता गल्लीत शिरलो तरी कुणाला कळंना." सरांनी चप्पल कानाला लावून वाकवून बघितली. खरंच मुकी झाली होती. हा किस्सा सांगताना ते म्हणायचे, "शुद्धलेखन तपासलंतं मी. चप्पल तेवढी तपासली न्हवती." दुसऱ्या दिवशी त्यांनी रबरी शिक्का करून आणला, 'करून पाहिले'. त्यानंतर लेखातली गोष्ट स्वतः करून बघितल्याशिवाय, तीही तीनदा, त्यांनी कशावर शिक्का मारला नाही, आणि शिक्क्याशिवाय काही छापलं नाही.

हे सगळं काकूंच्या स्वयंपाकघरात चालायचं. दूध उतू जाण्यावरचा लेख आला तेव्हा तीन पातेली दूध मुद्दाम उतू घालवलं. काकू म्हणायच्या, "आमच्यात स्वयंपाक दोनदा व्हतो. एकदा जेवायला, एकदा छापायला." अंक मात्र वेळेवर कधीच निघायचा नाही. दिवाळीचा अंक होळीला मिळाल्याचं मला आठवतंय.

मी गेल्या उन्हाळ्यात त्यांच्याकडं गुळावरचा लेख घेऊन गेले. माझे वडील, आबा, गुळव्या आहेत, म्हणजे गुऱ्हाळात उकळत्या रसाची काहील चुलवाणावरून कधी उतरवायची हे ठरवणारा माणूस. लेखात मी रस नेमक्या किती तापमानाला उतरवावा याचा आकडा दिला होता. सरांनी आकड्याभोवती पेन्सिलीनं गोल काढला.

"हे कुठनं आणलंस?"

"इंटरनेटवर आहे, सर."

"इंटरनेटनं काहिलीत बोट घातलंतं काय?" आणि लगेच, "बा काय म्हणतोय?"

मी आबांना विचारलंच नव्हतं. खरं सांगायचं तर सुचलंही नव्हतं... आबांना जे येतं ते विज्ञान असेल असं मला वाटलं नव्हतं. सर रागावले नाहीत. "गुऱ्हाळ पेटलं की जाऊ दोघं," एवढंच म्हणाले. मी घरी सांगितलं, आणि आबांनी सगळ्या गल्लीला सांगितलं की पोरीचं नाव छापून येणार. गुऱ्हाळ पेटायच्या आधीच सर गेले.

सरांचं दिवसकार्य झाल्यावर काकूंनी मला बोलावलं. सरांनी जुळवत आणलेला अंक त्या काढणार होत्या, शेवटचा म्हणून. सगळ्या लेखांवर शिक्का होता, माझ्याच नव्हता. काकूंनी शिक्का माझ्यापुढं सरकवला. "मार की तूच. ते काय बघाय येणार हाईत?" मी उचललाही. कागदापर्यंत हात गेला. गल्लीतली सगळी तोंडं डोळ्यांपुढं आली... पण हात खाली जाईना. "काकू, मी करून बघितलं नाही."

काकू डोळे पुसून म्हणाल्या, "मग मी येतो की. अंक थांबंल. कवा वेळंवर निघालाय?"

अशा रीतीनं गेल्या आठवड्यात काकू सरांचा लांब थर्मामीटर आणि पर्समध्ये शिक्का घेऊन आमच्या गावच्या गुऱ्हाळात आल्या. रस उकळत होता. आबांनी उलथन्यावरचा थेंब गार पाण्यात सोडला, बोटांत वळून बघितला आणि ओरडले, "उतरवा!"

"थांबा, थांबा!" काकू त्यांच्याहून मोठ्यानं ओरडल्या. "लेखातला आकडा अजून आला न्हाई!"

"वैनी, लेखासाठी थांबलो तर गूळ न्हाई, डांबर मिळंल!"

काहील उतरली. काकूंनी एकीवर भागवलं नाही. तीन काहिली बघितल्या. तिन्ही वेळा आबा 'उतरवा' म्हणाले तेव्हा थर्मामीटरनं तोच एक आकडा दाखवला, आणि तिन्ही वेळा माझा आकडा चुकला. "चुकलीस की गं!" काकू इतक्या खुशीत म्हणाल्या की सर गेल्यापासून त्या पहिल्यांदा हसल्या असाव्यात. मी तिथंच आकडा खोडला, नवा घातला, आणि वर माझ्या नावाच्या आधी आबांचं नाव लिहिलं. आबा नको नको म्हणत होते, पण अक्षर नीट आलंय का हे वाकून बघतही होते.

शिक्क्याचं पॅड वाळून गेलं होतं. काकूंनी त्यावर पेल्यातल्या उसाच्या रसाचे दोन थेंब टाकले आणि शिक्का मारला. जरा फिकट उमटला, पण उमटला.

अंक आता छापखान्यात आहे. काल मी काकूंकडं गेले, तर सरांच्या टेबलावर शिक्क्याभोवती मुंग्यांची रांग लागलेली. मी फडकं घ्यायला वळले.

"पुसू नगंस," काकू म्हणाल्या. त्यांच्यापुढं सरांची वही उघडी होती, आणि त्यात तारखा लिहिलेल्या. "दोन थेंबांवर किती दिस येत्यात, बघतोय मी."