आगरदांड्याची सोल रेकॉर्ड

अमेरिकन सोल संगीताच्या जुन्या रेकॉर्ड्स शोधत फिरणाऱ्या आपल्या मंडळींची एक खोड आहे. दुर्मिळ काही हाती लागलं की आधी त्याच्या लेबलवर पांढरा कागद चिकटवायचा. क्लबमध्ये दुसऱ्या डीजेने वाकून बघितलं तरी गायकाचं नाव कळता कामा नये, नाहीतर तोही तीच शोधून वाजवेल.

आज आगरदांड्याला हमीदाचाचींकडे गेलो होतो. त्यांचे मिस्टर, इस्माईलचाचा, जहाजावर खलाशी होते. चाचा गेले, पण त्यांनी बंदराबंदरांतून आणलेल्या रेकॉर्ड्स चाचींनी पेटीत जपून ठेवल्यात. त्यातली एक मी कित्येक वर्षं शोधत होतो. माझ्या छोट्या प्लेअरवर ती लावली, तर इंग्रजीचा गंध नसलेल्या चाची अख्खं गाणं गुणगुणल्या.

"घेऊन जा रे. पेटीत राहून काय उपयोग? लोकांना नाचू दे."

मी तिथेच सवयीने कागद आणि डिंक काढला. चाचींनी रेकॉर्ड मांडीवर ओढून घेतली.

"नाव कशाला झाकतो?"

मी आपली पद्धत सांगितली. देतात की नाही, असं वाटायला लागलं. मग माझ्या हातातला कागद उलटसुलट करून बघत त्यांनी विचारलं, "कागद कोराच पाहिजे काय?"

मी म्हटलं, तसं काही नाही.

शनिवारी अलिबागच्या क्लबमध्ये ती वाजवतोय. खुशाल वाकून बघा. गायक कोण ते शेवटपर्यंत सांगणार नाही. पण कागदावर चाचींच्या अक्षरात लिहिलेलं वाचता येईल: इस्माईल, आगरदांडा.